हॅकिंग कधी शिकवणार?

प्रश्न: सायबर सुरक्षेच्या पदवीचं पहिलं वर्ष आहे. नुसतं नेटवर्किंग आणि गणित! हॅकिंग कधी?

उत्तर: अरे, सुरुवात झालीय की! वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातं-येतं ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लाव, एखादी साइट उघड आणि टीसीपीची, म्हणजे दोन संगणकांची जोडणी जुळवणाऱ्या नियमांची, पाकिटं (माहितीचे छोटे तुकडे) बघ. सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक. म्हणजे ‘जोडू का?’, ‘हो, जोडू’, ‘ठीक’. मग ४४३ पोर्टवर (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार) टीएलएसची, म्हणजे संभाषण गुप्त ठेवण्याची, बोलणी. कुठलं पोर्ट उघडं आहे ते शोधणारा पोर्ट स्कॅनरही असाच सिन पाठवतो आणि काय उत्तर येतं ते बघतो. नेटवर्किंग कच्चं असलेली मुलं मुलाखतीत इथंच गडबडतात, मी घेतो ना मुलाखती. गणिताचं म्हणशील तर माहिती गुप्त ठेवायची १९७७ची आरएसए पद्धत मूळ संख्यांवरच उभी आहे. सराव मात्र स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेल्या दुसऱ्या संगणकावर. कॉलेजच्या वायफायवर हात साफ करायचा असेल, तर आधी लेखी परवानगी घे.