उत्तर: सीडी४ उतरला, आयएनएच आत्ता घेऊ की बाळंतपणानंतर?

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. सहावा महिना, एचआयव्हीची टीएलडी गोळी एकही दिवस चुकलेली नाही, व्हायरल लोड (रक्तातला विषाणूचा आकडा) ‘सापडत नाही’ असा, आणि तरी सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चारशेच्या खाली गेला म्हणून तुमची झोप उडालीय. त्यात टीबी होऊ नये म्हणून देतात त्या आयएनएच गोळ्या एआरटी सेंटरवर (जिथून एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे) सुरू करायच्या म्हणताहेत, आणि नवऱ्यानं मोबाईलवर कात्रण दाखवलं की एचआयव्ही-टीबीवर काम करणाऱ्या डॉ. अमिता गुप्तांच्या संशोधनात या गोळ्या गरोदरपणात घातक ठरल्या. माझ्या दुसऱ्या खेपेला मी नेमकी याच कोड्यात अडकले होते, म्हणून जरा लांबलचक लिहिते. मी डॉक्टर नाही. गोळी सुरू करायची की थांबवायची हे माझ्या लिहिण्यावरून ठरवू नका.

सीडी४चं आधी उरकते. गरोदरपणात अंगातलं पाणी वाढतं, रक्त पातळ होतं, त्यामुळे मोजलेला आकडा खाली येतो. त्याच रिपोर्टवर सीडी४ची टक्केवारी असते, ती बघा. ती जागेवर असेल आणि व्हायरल लोड दबलेला असेल तर औषध लागू पडतंय. मला एका खाजगी ठिकाणी ‘औषध फेल गेलं’ असं तोंडावर सांगून घाबरवलं होतं, तेही टक्केवारीकडे न बघता. असो.

आता कात्रण. त्यात अर्धीच गोष्ट आहे, आणि गाळलेली अर्धी गोष्ट पुण्यातली आहे. २००२ ते २००५ या काळात पुण्यात एचआयव्ही असलेल्या ७१५ बायकांवर बाळंतपणानंतर लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या २४ जणींना टीबी झाला. ज्यांना झाला त्यांच्यात आईच्या मृत्यूची शक्यता २.२ पट आणि बाळाच्या मृत्यूची ३.४ पट निघाली. २००७ साली हे छापून आलं, आणि तो अभ्यासही याच डॉ. गुप्तांचा. तेव्हा सरसकट सगळ्यांना एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, मिळत नव्हती (सरकारी मोफत एआरटीच २००४मध्ये सुरू झाली), त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे स्वतःला लावून घेऊ नका. पण एवढं कळलं की टीबीचा धोका बाळंतपणाबरोबर संपत नाही.

हे का होतं, ते मला एका संशोधक डॉक्टरांनी समजावलं होतं. माझ्या भाषेत सांगते. पोटातलं मूल निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीनं निम्मं परकं. ते टिकावं म्हणून प्रतिकारशक्तीची एक बाजू नऊ महिने जरा आवरती घेतली जाते. टीबीच्या जंतूंना दाबून ठेवायचं काम बरंचसं त्याच बाजूकडे असतं. बाळंतपण झालं की ती बाजू झपाट्यानं परत उठते, आणि तोवर गुपचूप वाढलेलं दुखणं तेव्हा ताप-खोकला होऊन वर येतं. एचआयव्हीमुळे ही बाजू मुळातच लंगडी, म्हणजे दुहेरी मार. पुण्यातल्याच गरोदर बायकांमध्ये असंही दिसलंय की सुप्त टीबी शोधायची हातावरची सुई आणि रक्ताची तपासणी या काळात एकमेकींशी जुळत नाहीत. तेव्हा ‘सुई निगेटिव्ह आली, सुटले’ असं समजू नका.

मग साहजिक प्रश्न आला की गोळ्या गरोदरपणातच दिल्या तर? त्यासाठी आठ देशांत मिळून ९५६ बायकांवर चाचणी झाली, भारतही त्यात होता. एका गटाला गरोदरपणातच २८ आठवडे आयएनएच दिलं, दुसऱ्या गटाला बाळंतपणानंतर बाराव्या आठवड्यापासून. २०१९मध्ये निकाल आला. आयांना झालेला त्रास दोन्हीकडे जवळपास सारखा, टीबीही दोन्हीकडे सारखाच कमी. पण मूल पोटातच दगावणं, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं होणं, व्यंग असणं, हे सगळं मिळून धरलं तर लगेच गोळ्या घेतलेल्यांत २३.६ टक्के आणि नंतर घेतलेल्यांत १७ टक्के. तुमच्या नवऱ्याच्या मोबाईलवर आलं ते एवढंच. दुसऱ्या बाजूला जागतिक आरोग्य संघटनेनं नंतरही गरोदरपण हे गोळ्या नाकारायचं कारण धरलेलं नाही. म्हणजे तुमच्या सेंटरवरचे डॉक्टर काही वेडे नाहीत. घरात कुणाला टीबी आहे का, तुमचं लिव्हर कसं आहे, आधीचं मूल कमी दिवसांचं होतं का, हे बघून त्यांनी ठरवायचं. तुम्ही हेच प्रश्न कागदावर लिहून न्या.

मला जे म्हणायचंय ते इथून पुढे. त्या चाचणीत ज्यांना ‘नंतर’ गोळ्या मिळणार होत्या, त्यांच्या ‘नंतर’ला ठरलेला आठवडा होता आणि त्यांच्याकडे बघणारी माणसं होती. मला सांगितलं गेलं, “आत्ता नको, बाळंतपण झालं की बघू.” निर्णय चुकीचा नव्हता, आजही तसं म्हणणार नाही. पण ते ‘बघू’ कुठल्याच कागदावर चढलं नाही.

डिलिव्हरी झाली, बाळाची सहा आठवड्यांची तपासणी झाली, सगळे खूश. बाळासाठी स्वतंत्र कार्ड, तारखा, फोन, सगळं. माझ्यासाठी काही नाही. मी गोळ्यांचं विचारायला गेले ते एका कार्यालयवजा खिडकीवर. नाव घेत नाही, आणि कुठल्या भागातलं तेही विचारू नका. काचेमागचे गृहस्थ केसपेपर उलटा करून बघत म्हणाले, “बाळंतपण जिथे झालं तिथे विचारा.” तिथे गेले तर, “हे आमचं नाही, छातीच्या विभागाचं.” छातीच्या विभागात, “तुम्हाला टीबी आहे का? नाही ना? मग इथे कशाला?” आणि परत त्याच खिडकीवर. कडेवर तान्हं बाळ, आणि पेपरवर प्रत्येकानं खाली एक ओळ लिहून पुढच्याकडे ढकललेलं. शेवटी त्या पेपरवर लिहायला जागा उरली नाही तेव्हा गृहस्थांनी नवीन केसपेपर काढून आणायला सांगितलं. रांगेत उभं राहून!

या टोलवाटोलवीतच खोकला सुरू झाला. आणि बाळंतिणीच्या प्रत्येक लक्षणाला घरात एक तयार कारण असतं, ते मी तेव्हा शिकले. खोकला? धुरीचा धूर गेला असेल. ताप? दूध दाटलं असेल. रात्री घाम? बाळंतिणीला येतोच. वजन उतरतंय? अंगावर पाजतेय ना. आई बिचारी डिंकाचे लाडू वाढवत राहिली. खिडकीवर मी खोकल्याचं सांगितलं तर थुंकी तपासायचे कप संपले होते, आणि ‘दोन आठवड्यांहून जास्त झाला की या’ असं उत्तर. एचआयव्ही असलेल्या माणसासाठी हे साफ चूक आहे. आपल्याला खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यातलं एकही लक्षण असलं, खोकला कालचा असला तरी, त्याच दिवशी तपासणीचा विषय काढायचा. मला सीबीनॅट (थुंकीतला टीबी शोधायची तपासणी) होऊन टीबीचं निदान मिळेपर्यंत बाळ रोज माझ्या कुशीत झोपत होतं. बाळालाही मग प्रतिबंधक औषध द्यावं लागलं. दोघंही आज ठणठणीत आहोत, पण त्या माणसावरचा राग गेलेला नाही आणि जावा असंही वाटत नाही.

म्हणून माझं मत, कुणाला आवडो न आवडो: गोळ्या आत्ता घ्या किंवा पुढे ढकला, पण ढकलल्या तर डॉक्टरांकडून केसपेपरवर तारीख लिहून घ्या, आणि त्या तारखेला कुठल्या खोलीत जायचं तेही. ‘बघू’ चालणार नाही. बाळाच्या तपासणीच्या दिवशीच स्वतःचं वजन करून घ्या, ते लिहायला लावा. आत्ता गोळ्या सुरू केल्याच तर बरोबर बी-६ जीवनसत्त्वाची गोळी मागा. हातापायाला मुंग्या, डोळे पिवळे, उलट्या असं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

अभ्यासासाठी रक्त आणि बाळामागून पडणारी वार देणार का असं विचारलंय म्हणताय. मी दिलं असतं. गरोदर बायकांना ‘नको बाई, धोका नको’ म्हणून अभ्यासाबाहेर ठेवतात, आणि मग आपल्याला औषध द्यायची वेळ आली की कुणालाच काही ठाऊक नसतं. डॉल्युटेग्राव्हिर (टीएलडीतलंच एक औषध) गरोदरपणात चांगलं काम करतं हे आज छातीठोक सांगतात, ते कुणीतरी बायका चाचणीत उतरल्या म्हणूनच. पण संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणून वाचा, प्रत ठेवा, आणि रक्तात काही वावगं सापडलं तर मला कळवणार का, हे सरळ विचारा. नाही म्हटलंत तरी तुमचे उपचार थांबवता येत नाहीत.

जाता जाता दोन गोष्टी, विषय सोडून आहेत पण कुणी सांगत नाही. टीएलडी आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी एकत्र घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. एक तर सगळ्या जेवणाबरोबर, नाहीतर टीएलडी आधी आणि बाकीच्या दोन तासांनी. आणि पुढेमागे टीबीचे उपचार घ्यायची वेळ आलीच तर (न येवो) रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध चालू असेपर्यंत डॉल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं, बारा तासांनी दुसरी गोळी. ती मिळाल्याशिवाय सेंटरवरून हलू नका. टीबीच्या पेशंटना खाण्यापिण्यासाठी सरकारकडून निक्षय पोषणचे महिना १००० रुपयेही मिळतात, मात्र माझं बँक खातं माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या नावाचं, त्यामुळे ते अडकून बसले होते. तुमचं तसं असेल तर आत्ताच, पोट फार वाढायच्या आधी, बँकेत जाऊन या.

कुणी एचआयव्ही म्हणून दाखल करायला कुरकुर केली तर २०१७चा एचआयव्ही कायदा आपल्या बाजूनं आहे, नकार लेखी मागा. बहुतेकदा तिथेच सूर बदलतो. १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन केला तर फुकट बोलता येतं.

रिपोर्टवरची सीडी४ची टक्केवारी आणि आधीच्या रिपोर्टवरची, दोन्ही इथे टाका. फोटो टाकणार असाल तर नाव आणि एआरटी नंबर आधी झाका.