तीन गुणांनी भरती हुकली, पुन्हा उतरू का?

शिरपूर तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आहे. पोलीस शिपाई भरतीत तिला मैदानी चाचणीत ५० पैकी ३८ आणि लेखीत १०० पैकी ७८, असे ११६ गुण मिळाले; तिच्या प्रवर्गाची यादी ११९ ला थांबली. रोज पहाटे सोबत धावणारी मैत्रीण भरतीत लागली, तिच्याशी बोलवत नाही आणि त्याचीच लाज वाटते. आई अहिराणीत म्हणते, "आते बस व्हयनं," म्हणजे आता पुरे झालं. वय २२, बी.ए. पूर्ण. ती विचारते: स्पर्धा माणसाला खरंच चांगली असते का, आणि मी पुन्हा उतरू का?

ताई, उतर. पण आधी हे ११६ नीट उलगडून बघ.

मैदानीत ५० पैकी १२ गेले. ८०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५ गुण असतात; तुझे कुठे किती गेले ते वेगवेगळं लिहून काढ. बहुतेक मुली वर्षभर फक्त धावतात आणि गोळा जाहिरात आल्यावर हातात घेतात. ४ किलोचा गोळा नुसत्या हाताच्या जोरावर जात नाही. जोर पायातून आणि कमरेतून यावा लागतो, हात शेवटी येतो. गोळा सुटेपर्यंत मानेला टेकलेला हवा. कोपर खाली आलं की तो चेंडूसारखा फेकला जातो, मग अंतर कमी पडतं आणि खांदाही दुखावतो. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी १५-२० फेकी पुरेत.

८०० मीटरमध्ये घात होतो तो पहिल्या २०० मीटरमध्ये. शिट्टी वाजली की सगळ्या सुसाट सुटतात आणि ५००-६०० च्या पुढे पाय जड होतात. दर २०० मीटरची वेळ कुणाला तरी टिपायला सांग. पहिले ४०० दुसऱ्या ४०० पेक्षा तीन-चार सेकंदांनी लवकर झाले तर ठीक. दहा सेकंदांचा फरक पडत असेल तर सुरुवात आवर. आणि अंतर मोटरसायकलच्या मीटरवर मोजू नकोस. त्यात १०० मीटरच्या खालचं काही कळत नाही. टेपने मोज, नाहीतर ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनमधून दोन फेऱ्या मार. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा सराव सूर्य वर यायच्या आत संपव.

लेखीत गेलेले २२ गुण तीन ढिगांत टाक: येतच नव्हतं, येत असून चुकलं, वेळ संपला. ९० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. अंकगणितात अडकलीस तर पुढे जा आणि शेवटच्या १० मिनिटांत परत ये. तुला हवे असलेले तीन गुण बहुधा दुसऱ्या ढिगातच सापडतील, आणि त्यासाठी नवीन पुस्तक लागत नाही.

आता तुझा मोठा प्रश्न. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांच्या याद्या वेगळ्या लागतात. जागा किती, तुझ्या प्रवर्गातून अर्ज कुणी केले, यावर यादी कुठे थांबणार ती रेषा ठरते. म्हणजे ३८ आणि ७८ तुझ्या हातातले होते, ११९ नव्हते. स्पर्धेने तुझी वेळ सुधारली, कुठे कमी पडतेस ते दाखवलं, तोवर ती भल्याचीच. यादीतला आकडा घरातली, गावातली तुझी किंमत ठरवू लागला की ती माणसाला पोखरते. मग हुशार पोरगीही पुढच्या वेळी अर्जच भरत नाही.

मैत्रिणीचा हेवा वाटणं साहजिक आहे, त्यात पाप नाही. तिला सरळ सांग, "तुझं झालं याचा आनंद आहे, पण मला थोडे दिवस दे." तिच्यासोबत धावल्यामुळेच तुझी वेळ इथवर आली आहे. ती प्रशिक्षणाला जाण्याआधी तुझी गोळाफेक तिला बघायला सांग. बाहेरच्या माणसाला कोपर लगेच दिसतं. पंधरा दिवस होऊनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावर बोल. तो चोवीस तास चालू असतो.

आईशी मात्र मोघम बोलू नकोस. आणखी किती भरत्या, कोणत्या वयापर्यंत, हे कागदावर लिहून तिच्यापुढे ठेव. मागास प्रवर्गाला वयोमर्यादा ३३ आहे म्हणून ३३ पर्यंत थांबायचं असं नाही. दोन भरत्या ही माझ्या मते रास्त हद्द. पदवी आहे, म्हणून पीएसआयची (पोलीस उपनिरीक्षक) परीक्षाही दे. वनरक्षकाला मुलींना ३ किलोमीटर धावावं लागतं, तुझ्या सरावात ते बसतं. आणि अर्ज ओबीसीतून असेल तर नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्रावरची मुदत आजच बघ. संपत आली असेल तर जाहिरातीची वाट न बघता सेतू केंद्रात नूतनीकरणाला टाक. जाहिरात आली की तिथे रांगा लागतात.