रविवारी मशीन लावली तर चालेल का?

रविवारी विसावा घ्यावा या ख्रिस्ती आज्ञेविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मी मालाडला राहते आणि सोमवार ते शनिवार फोर्टमध्ये नोकरी करते. रविवारी आठच्या मिस्सेहून (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेहून) आले की मी दोनदा मशीन लावते, आठवड्याची भाजी निवडते, डोशाचे पीठ वाटते, पंखे पुसते आणि तेवढ्यात संध्याकाळ होते. माझी आजी रविवारी सुईसुद्धा हातात धरू देत नसे. माझ्या हातून पाप होते आहे का?

उत्तर : नाही. आजींच्या सांगण्याला मात्र आधार होता. १९१७ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, रविवारी अंगमेहनतीची कामे, कोर्टकचेरी आणि बाजारव्यवहार यांना मनाई होती, आणि शिवणकाम अंगमेहनतीत मोडते की नाही यावर जुने धर्मपंडित बारकाईने काथ्याकूट करीत. सध्याचा १९८३ चा कायदा कामांची यादी देत नाही. त्यातील १२४७ वे कलम एवढेच सांगते की रविवारी मिस्सेत सहभागी व्हावे आणि देवाच्या उपासनेत, प्रभूच्या दिवसाच्या आनंदात किंवा तनामनाच्या विसाव्यात अडथळा आणणारी कामे टाळावीत. कुटुंबाची निकड हे रास्त कारण आहे, असे ख्रिस्तसभेचा, म्हणजे चर्चचा, कॅटेकिझम हा शिकवणुकीचा ग्रंथही म्हणतो. मात्र अशा कारणांची सवय होऊन धर्माचरण, घरपण आणि प्रकृती यांची हानी होऊ नये, असेही तो तिथेच बजावतो.

तेव्हा मशीन लावायला हरकत नाही. बटण दाबायला कितीसा वेळ लागतो? वेळ जातो तो वाळत घालण्यात, घड्या करण्यात आणि इस्त्रीत, आणि त्यातले निम्मे काम शुक्रवारी रात्री उरकता येते. पण तुमचे पत्र पुन्हा वाचताना मला वेगळीच गोष्ट खटकली : ‘लावते’, ‘निवडते’, ‘वाटते’, ‘पुसते’, सगळी क्रियापदे एकट्या तुमची आहेत. घरात आणखी कोण आहे, हे तुम्ही लिहिलेले नाही. शिवाय दुपारच्या जेवणाचा उल्लेखही नाही, म्हणजे ते काम तुम्ही कामात धरलेलेच नाही. माझ्या मते आपल्या घरांत रविवारचा विसावा सर्वांत जास्त कोण हिरावून घेत असेल, तर तो रविवारचा बेत. सकाळी मटणाच्या दुकानापुढची रांग, मग वाटण, मग फुगे (आमचे गोल पाव) तळणे, आणि सगळ्यांची पाने उठल्यावर गार रस्सा घेऊन एकटीने जेवायला बसणे, हे मीही बरीच वर्षे केले आहे. आता आम्ही शनिवारी रात्रीच मटणाला मसाला लावून ठेवतो, रविवारी एकच पदार्थ होतो आणि भांडी मुलगा घासतो. पहिल्या रविवारी त्याने ती अशी घासली की कुकरच्या रिंगेत अडकलेली शिते मला सोमवारी सकाळी सापडली. मी काही बोलले नाही, कारण बोलले असते तर पुढच्या रविवारी मोरीपाशी पुन्हा मीच उभी असते.

प्रश्न : माझी मुलगी परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातले दोन रविवार तिची ड्यूटी असते. तिने काय करावे?

उत्तर : निश्चिंत मनाने ड्यूटी करावी. शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, येशूने लोकांना बरे केले, आणि आजारी व वृद्ध यांची सेवा हे परंपरेने रविवारचेच काम मानले गेले आहे. आदल्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सेला गेल्यानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे १२४८ व्या कलमात स्पष्ट आहे. तेही जमण्यासारखे नसेल, तर तिने आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख धर्मगुरूंशी बोलावे. रास्त कारणासाठी सूट देण्याचा अधिकार त्यांना आहे. मात्र आठवड्यात मिळणारी तिची सुट्टी बँक, गॅस आणि रेशनच्या कामांत सगळीच खर्ची पडणार नाही, एवढे घरच्यांनी पाहावे.

प्रश्न : रविवारी मी घराबाहेर पडत नाही. किराणा दहा मिनिटांत दारात येतो, आणि भांडी-लादीला बाई येतात. म्हणजे मी विश्रांतीची आज्ञा नीट पाळतो, असे म्हणता येईल ना?

उत्तर : तुम्ही विश्रांती घेता, हे खरे. आज्ञा पाळता की नाही, याबद्दल मला शंका आहे. बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात ही आज्ञा ज्या शब्दांत येते, तिथे तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असे कारण दिलेले आहे. इतरांना रविवार पाळणे कठीण होईल अशी अनावश्यक मागणी त्यांच्याकडे करू नये, असे कॅटेकिझमही सांगतो. आता ‘अनावश्यक’ म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवायचे. बाळाचे औषध संपले, तर ते जरूर मागवावे. पण कोथिंबिरीची जुडी आणि वेफर्सचे पाकीट यांसाठी कोणाला तरी भर उन्हात तीन जिने चढायला लावणे, हे त्यात बसत नाही.

मुंबईकराला तर हे निराळे समजावून सांगावे लागू नये. या शहरातील गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी फुकट मिळालेली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली, आणि १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. पुढच्याच वर्षी पोप लिओ तेरावे यांनी कामगारांविषयीच्या आपल्या परिपत्रकात रविवारच्या विसाव्याचा आग्रह धरला. तुमच्याकडे येणाऱ्या बाईंचा धर्म कोणताही असो, त्यांना रविवारी पगार न कापता सुट्टी द्या. चार कपबशा आणि दोन ताटे तुमच्याच्याने विसळून होतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीची वार्षिक सभा नेहमी रविवारी सकाळी मिस्सेच्याच वेळी असते. त्यातून मेगाब्लॉक असला, की चर्चला पोहोचणेही अवघड होते.

उत्तर : मेगाब्लॉकचे वेळापत्रक आधी जाहीर होते, तेव्हा शनिवारी संध्याकाळची मिस्सा गाठावी. सभेसाठी मात्र चिटणीसांना लेखी पत्र देऊन वेळ बदलून मागा. न मागताच दरवर्षी कुरकुरत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळ ख्रिस्ती, राहायला गोराईला. मे महिन्यात मावश्या, माम्या, भाच्या सगळ्या एकत्र जमून बाटली मसाला करतो, आणि नोकऱ्यांमुळे सगळ्यांना सोयीचा दिवस एकच, रविवार. हे चालेल का?

उत्तर : सम्राट कॉन्स्टंटाइनने सन ३२१ मध्ये रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला, तेव्हा शेतकऱ्यांना त्यातून वगळले होते, कारण पेरणीचा नेमका दिवस एकदा हुकला की तो परत येत नाही. मेमधल्या उन्हाचेही तसेच आहे. गच्चीवर पसरलेल्या मिरच्या कडकडीत वाळायला हव्यात आणि पावसाच्या आत बाटल्या भरून व्हायला हव्यात. शिवाय वर्षभर एकमेकींची तोंडे न पाहिलेल्या बायका त्या निमित्ताने एका चटईवर बसून धणे निवडतात, याला प्रभूच्या दिवसाचा आनंद म्हणायला मी तरी कचरणार नाही. आधी मिस्सा करा, मग मिरच्यांची देठे काढायला बसा, आणि त्यात पुरुषमंडळींनाही घ्या. कुटायला मजुरीने बायका बोलावत असाल, तर त्यांना मात्र सोमवारीच बोलवा.