बीड समजून घ्यायचं तर आधी घाट बघा

धुळ्याहून बदली होऊन बीड जिल्ह्यात शिक्षक म्हणून येताय, आणि वाचायला गेलात तर दुष्काळ, ऊसतोड आणि राजकारण यापलीकडे काही हाती लागलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी इथलाच. बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर तीस वर्षं काढली, अकरापैकी सात तालुके फिरलो. त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

तुम्ही तालुका सांगितला नाहीत, आणि इथं सगळं त्यावरच आहे. जिल्ह्याच्या मधून बालाघाटचे डोंगर आडवे गेलेत. उत्तरेला गोदावरी. आम्ही तिला गंगाच म्हणतो आणि तिच्या काठाला गंगथडी. गेवराई, माजलगाव म्हणजे काळी कसदार जमीन, कापूस, ऊस. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा याच भागातून येऊन माजलगावच्या धरणाला मिळतो. घाट चढून पाटोदा, शिरूर कासारकडे गेलात की जमीन मुरमाड, बाजरी-तुरीची, पाऊस आला तर आला. आष्टी तर वेगळंच. तिथलं पाणी सीनेतून भीमेला जातं आणि माणसं बाजाराला नगरला. परळी-अंबाजोगाईकर लातूरकडे बघतात. एका जिल्ह्याचे म्हणून सगळे एकत्र येतात ते कलेक्टर कचेरीत.

पाण्याचा एक मासला सांगतो. मांजरा नदी उगम पावते पाटोदा तालुक्यात. तिच्यावरचं धरणही आमच्याच हद्दीत, केज तालुक्यात धनेगावला. पण लातूर शहर पाणी पितं ते त्या धरणाचं. 2016 साली ते आटलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, देशभर बातमी झाली. उगमाकडच्या गावांत टँकर उन्हाळ्याला येतातच, त्याची बातमी होत नाही. परळीचं औष्णिक वीज केंद्रसुद्धा 2015 मध्ये पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं.

आता ऊसतोड. वाचलं असेलच, पण हिशोब समजून घ्या. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादम कारखान्याकडून पैसे आणतो आणि पावसाळ्यातच कोयत्याला उचल देतो. पुढं हंगामभर तोडलेल्या टनावर ती फिटते, नाही फिटली तर बाकी पुढच्या सालावर. शिरूरला असताना एक गडी बैलजोडीच्या कर्जाला आला होता. सातबारा, आठ-अ, बेबाकी दाखले यात आम्ही त्याला दीड महिना फिरवला. मुकादमानं त्याला ओट्यावर बसून तासाभरात उचल दिली. बैलजोडी आली, पण त्याचे सहा महिने मुकादमानं साताऱ्याकडं ऊसतोडीला बांधून घेतले. आमच्या शाखेत त्याची फाईल ‘अर्जदार हजर नाही’ म्हणून बंद झाली, आणि शेरा माझ्याच हातचा आहे.

दिवाळीच्या आगंमागं ट्रक भरायला लागतात. खाली भांडी, पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, वर माणसं, कडेला बांधलेली शेळी. गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं. तुमचा पट निम्म्यावर येईल तो याच काळात. पोरं मागं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पोराची आजी थकलेली असेल तर तिच्याकडं स्वतः जाऊन बोला, नोटिशीनं काही होत नाही. बायकांचं तर विचारू नका. 2019 मध्ये सरकारी पाहणी झाली, त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या तेरा हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली.

इतिहास म्हणाल तर आमच्याकडं तो पडलेला असतो, कुणी झाडून ठेवत नाही. गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला 1763 साली माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. तरीही पुढं मुलूख निजामाकडंच राहिला, थेट 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. अंबाजोगाईचं त्या काळातलं नाव मोमिनाबाद, तिथं घोडदळाची छावणी होती. त्याच गावात मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाध्या. दासोपंतांची कापडावर लिहिलेली लांबलचक पासोडी मिळाली तर जरूर बघा. आणि बीडजवळची खजाना विहीर चुकवू नका. सोळाव्या शतकातली, अहमदनगरच्या निजामशाहीतली (हैदराबादचा निजाम नव्हे). मोट नाही, रहाट नाही, जमिनीखालच्या बोगद्यातून उतारानं पाणी रानापर्यंत नेलेलं. आमच्या बँकेनं इतक्या विहिरींना कर्ज दिलं, त्यातल्या कितीतरी दहा वर्षांत कोरड्या पडल्या.

चांगलंही आहे की. बालाघाटातलं सीताफळ दसरा-दिवाळीला खा. 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अर्थात बरंचसं अजून पाटीवर बसूनच विकलं जातं. रेल्वे पूर्वी फक्त परळीकडं होती. नगर-बीड-परळी मार्ग मंजूर झाला 1995 ला, नगरहून बीडपर्यंत गाडी आली सप्टेंबर 2025 मध्ये. माझ्या थोरल्याचा जन्म त्या मंजुरीच्या वर्षीचा. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं उगाचच नगरला जाऊन आलो.

जमलं तर खोली बघायला मे महिन्यात या. भाडं नंतर विचारा, नळाला कितव्या दिवशी पाणी येतं ते आधी विचारा.