तुझ्या यादीतले अकरा मासे

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी केलेली माशांची यादी परवा मिळाली. वहीचं पान, आणि प्रत्येक नावापुढे रंगीत पेनाने काढलेला तो मासा. पान मी माझ्या टाकीशेजारच्या भिंतीवर चिकटवलंय, दोन दिवस येता-जाता वाचतोय. तीन क्लाउन, तीन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे डॅमसेल, एक निळा टँग, एक लायनफिश, एक मँडरिन, एक क्लीनर रॅस, एक समुद्रघोडा. तुझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे सुमारे 190 लिटर. दगड आणि वाळू घातली की पाणी उरतं 160 लिटरच्या आसपास.

यातले दोन मासे ठेवू. बाकीचे नऊ का नकोत ते सविस्तर सांगतो, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं तर दुकानात गेल्यावर तुझा हात पुन्हा त्यांच्याकडेच जाईल.

काही वर्षांपूर्वी मी लक्षद्वीपला कडमत बेटावर गेलो होतो. तिथल्या लगूनमध्ये, म्हणजे बेटालगतच्या उथळ, शांत समुद्रात, कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून तरंगत होतो. खाली फांद्याफांद्यांचं प्रवाळाचं एक झुडूप होतं आणि त्यात तुझ्या यादीतले ते पट्ट्यांचे डॅमसेल राहत होते, बोटाच्या दोन पेरांएवढे. दुसरा कुठला मासा जवळून गेला की त्यांच्यातला सगळ्यांत मोठा बाणासारखा त्याच्या अंगावर जायचा. तो वळून पळायचा. दीड-दोन हात पाठलाग झाला की हा परत आपल्या झुडपात. कुणाला साधं खरचटलंही नाही. मी बराच वेळ तेच बघत राहिलो, आणि दर वेळी अंतर तेवढंच, दीड-दोन हात.

तुझी टाकी दोन हात लांब आहे.

समुद्रात जिथे भांडण मिटतं, नेमकी तिथे तुझ्या टाकीची काच येते. पळणारा काचेशी पोचतो, वळतो, आणि ज्याने हाकललं त्याच्याच हद्दीत परत येतो. मारणाऱ्याला वाटतं हा हट्टाने पुन्हा घुसतोय. दिवसभर, रोज. म्हणून कुठल्याही माशाबद्दल ‘हा भांडखोर आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. त्याची हद्द केवढी आहे, आणि त्या हद्दीबाहेर दुसऱ्याला उभं राहायला माझ्या टाकीत जागा उरते का, हे विचारायचं.

माझ्या पहिल्या टाकीत हेच डॅमसेल होते. दुकानदाराने सांगितलं, पाणी तयार व्हायला आधी हे तीन सोडा, स्वस्त आहेत, कशातही जगतात. जगले. दीड महिन्यानंतर मी एक फायरफिश आणला. पांढरं अंग, मागे लालभडक होत जाणारं, आणि डोक्यावर लांब तुरा. दुसऱ्या दिवसापासून तो पंपामागे, वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पृष्ठभागाला लागून उभा. मला वाटलं, नवीन आहे, रुळेल. आठवड्याने अंगावर पांढरे ठिपके दिसले, तेव्हा मी औषधाच्या मागे लागलो. बाराव्या दिवशी तो गेला. हातात घेतला तेव्हा पोट पाठीला लागलेलं होतं. त्याला कुणी चावलं नव्हतं. डॅमसेल त्याला खायला खाली येऊ देत नव्हते आणि तो उपाशी मेला. ठिपके नंतर आले, अंगात ताकद उरली नव्हती म्हणून. टाकीतले बरेच मृत्यू असेच होतात आणि आपण त्यांना रोगाचं नाव देतो. वरच्या कोपऱ्यात उभा राहिलेला मासा दिसला की त्याच दिवशी त्याला काढायचा. दुसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस.

पाणी तयार करायला मासा लागतच नाही. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाक, ते कुजून अमोनिया तयार होईल, आणि त्यावर जगणारे जिवाणू दगडांवर बसतील. चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग पुढचं बोलू.

आता क्लाउन, तुझे लाडके. तीन नाही, दोन. क्लाउन जन्मतात ते सगळे नर. दोघं एकत्र राहिले की त्यातला मोठा, दांडगा असतो तो मादी होतो आणि धाकटा नर राहतो. मादी मेली तर त्या नराची पुढे मादी होते. एकदा जोडी जमली की लहान टाकीत तिसऱ्याला जागा नसते. दोघं मिळून त्याला संपवतात, कधी महिन्यात, कधी वर्षाने. म्हणून एक मोठा आणि एक लहान असे निवड, म्हणजे कोण वरचढ हे आल्या आल्या ठरतं आणि मारामारी कमी होते. ऑसेलॅरिस जातीचेच घे. ‘मरून’ नावाच्या गडद लाल जातीचा क्लाउन दिसायला देखणा असतो, पण त्याची मादी एवढ्या टाकीत कुणालाच सुखाने जगू देणार नाही.

आणि टाकीत पैदास केलेलेच माग. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथे क्लाउनची पैदास करून दाखवलीय, आणि महाराष्ट्रात ऐरोलीला मँग्रोव्ह फाउंडेशनची समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी आहे. हॅचरीतला क्लाउन घरी आल्याच्या पहिल्या दिवसापासून दाण्याचं खाद्य खातो, आणि काचेत वाढल्यामुळे काचेत राहायचं त्याला नवं नसतं. समुद्रफूल, म्हणजे क्लाउन समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहतो तो फुलासारखा प्राणी, मात्र आणू नकोस. त्याला जोरदार प्रकाश आणि जुनी, मुरलेली टाकी लागते. क्लाउन त्याच्याशिवाय आनंदाने जगतो, एखादा कोपरा निवडतो आणि तोच आपलं घर मानतो.

निळा टँग दुकानात बोटाएवढा असतो, वाढला की फूटभर होतो. त्याला दिवसभर पोहत राहायची सवय. सहा फुटांच्या टाकीखाली त्याचा विचारही करू नये. ताण आला की पांढरे ठिपके सगळ्यांत आधी त्याच्याच अंगावर उठतात, आणि त्याच्यामुळे सगळी टाकी आजारी पडते. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा धारदार काटा असतो, तो वेगळाच.

लायनफिश कुणाशी भांडत नाही. शांतपणे जवळ येतो आणि गिळतो. तोंडात मावेल तो मासा त्याच्या लेखी खाऊ, आणि त्याच्या तोंडात स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासा मावतो. शिवाय काटे विषारी. तुझा धाकटा भाऊ टाकीत हात घालतो, हे मी पाहिलंय. विषय संपला.

मँडरिनचं चित्र तू सगळ्यांत मन लावून काढलंयस, म्हणून त्याच्याविषयी लिहिताना मला वाईट वाटतंय. तो स्वभावाने गरीब, कुणाच्या वाटेला जात नाही. पण दगडांवर फिरणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड हेच त्याचं अन्न, आणि ते तो दिवसभर टिपत असतो. नव्या टाकीतले सगळे कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवतो. मग समोर खाद्य तरंगत असतं, बाकीचे खात असतात, आणि हा रोज थोडा थोडा वाळत जातो. दोन वर्षांनी, टाकी जुनी झाल्यावर, आपण पुन्हा बोलू. क्लीनर रॅसचंही तसंच. समुद्रात त्याच्याकडे दिवसभर मासे अंग साफ करून घ्यायला येतात, त्यावर त्याचं पोट चालतं. सहा माशांच्या घरात तो काय खाणार? (दुकानात त्याच्यासारखाच दिसणारा एक ब्लेनी कधी कधी त्याच्याच नावाने विकतात. तो साफ करत नाही, लचके तोडतो. रॅसचं तोंड नाकासमोर असतं, त्या ब्लेनीचं खालच्या बाजूला. पुढे कधी उपयोगी पडेल.)

समुद्रघोडा कायद्याने बाद. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली 2001 पासून त्याला संरक्षण आहे. प्रवाळांनाही आहे. कुणी ‘कागद आहेत’ म्हणून समुद्रातून आणलेलं जिवंत प्रवाळ दाखवलं तरी घेऊ नकोस. कडमतचं ते झुडूप ज्याने पाहिलंय त्याला ते बादलीत बघवत नाही.

तर तुझी टाकी अशी भरू. तळाशी एक पिवळा वॉचमन गोबी आणि त्याच्यासोबत एक पिस्टल कोळंबी. ही जोडी तू बघितली नाहीस म्हणून यादीत नाही, पण माझ्या टाकीत सगळ्यांत जास्त वेळ मी हिच्यासमोर बसतो. कोळंबीला नीट दिसत नाही. ती बीळ खणते, वाळूचे ढिगारे बाहेर ढकलत असते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. कोळंबी बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवतो आणि दोघं आत. वाळू दोन-तीन इंच ठेव, त्यात दगडाचा बारीक चुरा मिसळ, नाहीतर बीळ ढासळतं. मोठे दगड मात्र वाळूवर न ठेवता थेट तळावर टेकव, खाली खणलं तर कोसळतील.

पाण्याच्या मधल्या थरात एक फायरफिश. हो, तोच. या वेळी त्याला पळवून लावणारं कुणी नसेल. तो घाबरला की उडी मारतो, म्हणून टाकीवर बारीक जाळीचं झाकण पक्कं हवं. एक बांगाय कार्डिनल, इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या बांगाय बेटांचा. निसर्गात तो आता फार कमी उरलाय, म्हणून हाही पैदास केलेलाच घ्यायचा. चार-पाच एकत्र ठेवले तर शेवटी दोनच उरतात, तेव्हा एकच पुरे. मग क्लाउनची जोडी. आणि दगडातल्या कपारीसाठी एक रॉयल ग्रॅमा, अर्धा जांभळा, अर्धा पिवळा.

ग्रॅमा घेताना चष्मा लावून बघ, म्हणजे बाबांचा चष्मा. त्याच रंगांचा रॉयल डॉटीबॅक नावाचा मासा असतो आणि दुकानात दोघांची अदलाबदल होते. ग्रॅमाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरघळत जातो, आणि पाठीवरच्या परावर पुढे एक काळा ठिपका असतो. डॉटीबॅकच्या अंगावर दोन रंगांमध्ये सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ असते. तो मासा फायरफिशला जगू देणार नाही. आणि हे दोघे एकत्र तर मुळीच नकोत. एक कॅरिबियनचा, दुसरा पॅसिफिकचा, समुद्रात कधी भेटत नाहीत, तरी टाकीत एकमेकांना बघताच भिडतात. आपल्यासारखा रंग, आपल्यासारखा आकार, आपल्यासारखीच कपार शोधणारा, हे माशाला सगळ्यांत जास्त खुपतं.

एकूण सहा मासे. टाकी रिकामी दिसेल, असं तुझी आई म्हणेल. पहिले पंधरा दिवस दिसेलही. मग न घाबरणारे मासे समोर येऊन फिरायला लागतात.

सोडायचा क्रम बदलू नकोस. आधी फायरफिश, मग गोबी आणि कोळंबी, मग कार्डिनल, मग क्लाउन, शेवटी ग्रॅमा. जो आधी येतो तो टाकी आपली समजतो, म्हणून भित्र्याला आधी घर मिळू दे. दोन माशांमध्ये किमान तीन आठवडे, म्हणजे जिवाणूही वाढलेल्या घाणीला पुरे पडतील. नवा मासा आला की जुन्याने त्रास दिला तर त्रास देणाऱ्याला भोकाच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकीतच चार दिवस ठेव. नव्याला मोकळं राहू दे.

प्रत्येक मासा आधी चार आठवडे वेगळ्या पेटीत राहील. यात सूट नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी एकदा मोठ्या टाकीत शिरला की सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने रिकामी ठेवावी लागते. त्यावरचं तांब्याचं औषध थेट टाकीत घालता येत नाही, कोळंबी मरते.

क्रॉफर्ड मार्केटला गेलीस तर माल आला त्याच दिवशी घेऊ नकोस. पसंत पडलेला मासा आठवडाभर तिथेच राहू दे. मग जाऊन दुकानदाराला म्हण, माझ्यासमोर खायला घाला. जो खात नाही तो घ्यायचा नाही, कितीही सुंदर असला तरी. डोक्यामागची पाठ खोल गेली असेल किंवा श्वास जोरात चालला असेल, तरीही नाही. काही ठिकाणी अजून समुद्रात सायनाइड फवारून मासे पकडतात. ते दुकानात छान दिसतात आणि घरी आल्यावर काही आठवड्यांत कारण न कळता मरतात. एक आठवडा थांबल्याने त्यातले बरेच गळतात.

पाण्याचं मागच्या वेळी बोललोय. घनता 1.025, तापमान 26 च्या आसपास, आणि वाफ झालेल्या पाण्याच्या जागी फक्त गोडं आरओचं पाणी, मिठाचं नाही.

वेगळ्या पेटीसाठी खर्च करू नकोस. माझ्या माळ्यावर चाळीस लिटरची काचपेटी पडून आहे, शनिवारी येऊन घेऊन जा. लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडेही कापून ठेवलेत. तिचा स्पंज फिल्टर मी कालच माझ्या टाकीच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) टाकलाय. माझ्याकडे दोन वर्षांत नवा मासा आलेला नाही आणि रोगही नाही, त्यामुळे काळजी नको. तुझा पहिला मासा येईपर्यंत त्यात जिवाणू चांगले बसतील. नेताना खाऱ्या पाण्यातच बुडवून ने, आणि आईला सांगून ठेव, कुणी तो नळाखाली धुवू नये.

तुझा,
काका