दोन हातांच्या रॉडचा मोह

प्रश्न : गेली सहा वर्षे मी नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला राहतो आणि डॉन नदीवर नऊ फुटी रॉडने, पिसे आणि दोऱ्याच्या नकली माश्या लावून, ट्राउटची मासेमारी करतो. गेल्या मे महिन्यात स्पे नदीवर एक वयस्कर बाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून, दोन्ही हातांत धरलेल्या लांबलचक रॉडने, मागे झाडी असूनही लाईन सहज पलीकडच्या काठाजवळ टाकताना दिसल्या. तेव्हापासून तसा रॉड घेण्याचा विचार डोक्यातून जात नाही. माझे वय ५२ आहे, उजवा खांदा अधूनमधून दुखतो आणि पत्नीच्या मते ही खर्चाला नवी वाट आहे. मी काय करावे?
– एक वाचक, अ‍ॅबर्डीन

उत्तर : त्या बाईंच्या मागे झाडी होती, हा आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचा तपशील आपण जाता जाता लिहून गेला आहात. स्पेच्या काठी अनेक ठिकाणी दरडी आणि झाडे थेट पाण्यापर्यंत आलेली असल्यामुळे लाईन डोक्यावरून मागे उडवायला जागाच मिळत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथल्या सॅमन पकडणाऱ्यांनी लाईन मागे न पसरता पुढे फेकण्याची रीत बसवली आणि तिला नदीचेच नाव मिळाले. या फेकीत लाईनचे टोक क्षणभर पाण्यावर टेकवतात, त्याला अँकर म्हणतात; उरलेली लाईन रॉडच्या मागे इंग्रजी डी अक्षरासारखी फुगते, आणि पाण्याने धरून ठेवलेल्या टोकाच्या ताणावर रॉड वाकून सगळी लाईन पुढे झेपावते. म्हणजे ही रीत अडचणीतून निघाली आहे, आणि लांब पल्ला हा तिचा वरकड लाभ आहे. डॉनवर दहा-बारा यार्डांवरच्या ट्राउटसाठी दोन हातांचा तेरा फुटी रॉड बाहेर काढणे म्हणजे सुईच्या कामाला दाभण घेण्यासारखे होईल.

सॅमनसाठी स्पे, डी किंवा टे अशा रुंद नद्यांवर जाण्याचा आपला खरोखर बेत असेल, तर मात्र मोह रास्त आहे. तिथे प्रवाहाच्या खालच्या अंगाला ताणलेली लाईन उचलून पुन्हा नदीपलीकडे टाकायची असते, आणि हा मोठा कोन लांब रॉड एका फेकीत बदलतो. हवेत लाईन पुनःपुन्हा मागेपुढे हलवावी लागत नाही. आपल्या खांद्याच्या दृष्टीनेही हे सोयीचे आहे, अर्थात नीट शिकल्यास. पहारीने दगड उचकटताना जसा मध्ये टेकू असतो, तसा इथे वरचा हात टेकूचे काम करतो आणि जोर खालच्या हाताने स्वतःच्या पोटाकडे ओढून लावायचा असतो. नऊ फुटी रॉडची सवय असलेला माणूस नेमका वरच्या हाताने ढकलतो, आणि मग खांदा आणि कंबर दोन्ही बोलू लागतात.

मी स्वतः बँकरीजवळ डी नदीवर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ढकलतच होतो. वारा प्रवाहाच्या दिशेने होता आणि मी अँकर वरच्या अंगाला टाकत होतो. चौथ्या की पाचव्या फेकीला फ्लाय, म्हणजे गळाची नकली माशी, डाव्या कानामागे टोपीत रुतली. वारा ज्या बाजूला वाहत असेल त्या बाजूलाच अँकर हवा, हा नियम मी त्या टोपीसह शिकलो : वारा प्रवाहाबरोबर असेल तर डबल स्पे, म्हणजे अँकर प्रवाहाच्या खालच्या अंगाला टाकणारी फेक; प्रवाहाविरुद्ध असेल तर सिंगल स्पे, म्हणजे अँकर वरच्या अंगाला टाकणारी. शिकवणारे गृहस्थ माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हते, ते नुसते ऐकत होते. लाईन पाण्याला जास्त चिकटली की कापड फाटल्यासारखा लांब आवाज येतो, अँकर सुटला की चाबकासारखा कडाका होतो, आणि फेक जमली की एक बारीक चुर्रर्र ऐकू येते, तेवढेच.

आपण तूर्त रॉड विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सिंगल आणि डबल स्पे या दोन्ही फेकी आपल्या नऊ फुटी रॉडने एका हातानेही करता येतात. डॉनवर झाडांखाली त्यांचा उद्यापासून उपयोग होईल आणि अँकर म्हणजे काय, हे फुकटात कळेल. त्यानंतर प्रशिक्षकाबरोबर एक दिवस, त्यांच्याच रॉडने. सरावासाठी घरामागची हिरवळ फारशी चालत नाही, कारण गवत लाईनला पाण्यासारखे धरून ठेवत नाही. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन पकडण्यास कायद्याने बंदी आहे, तेव्हा रविवारचा सराव मालकाच्या परवानगीने एखाद्या तळ्यावर, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून करावा. चष्मा मात्र लोकर असली तरी लावावाच.

पत्नींचे म्हणणे अर्धे खरे आहे. रॉडचा खर्च एकदाच होतो. खरा खर्च पाण्याचा असतो, कारण तिथे सॅमन पकडण्याचे हक्क खासगी मालकीचे आहेत आणि नदीच्या प्रत्येक पट्ट्याचा दिवसाचा दर निराळा असतो. शिवाय मासा घरी येईलच, असे त्यांना सांगू नका. २०२३ मध्ये ब्रिटनमधील अटलांटिक सॅमनची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. स्कॉटलंडभर १ एप्रिलपूर्वी पकडलेला प्रत्येक सॅमन सोडून द्यावा लागतो, आणि डीवर तर वर्षभर सोडण्याचाच रिवाज आहे. (मोठा मासा लांब फेकीनेच मिळतो, असे कोणी म्हणाल्यास जॉर्जिना बॅलंटाइन यांचे नाव सांगावे : ७ ऑक्टोबर १९२२ रोजी टे नदीवर त्यांनी पकडलेला ६४ पौंडी सॅमन आजही ब्रिटनमधील विक्रम आहे, आणि तो वडील वल्हवत असलेल्या होडीतून, फ्लायने नव्हे तर आमिषाने पकडलेला होता.)

एवढे करूनही मोह टिकला, तर तेरा फुटी, आठ-नऊ क्रमांकाचा (हा क्रमांक रॉडला पेलणाऱ्या लाईनच्या वजनाचा) रॉड स्पेवरच्या बहुतेक कामाला पुरेल. लाईनचा पुढचा जड भाग, म्हणजे हेड, सुरुवातीला स्कँडी (स्कँडिनेव्हियन) प्रकारचे, तीस-चाळीस फुटांचे घ्यावे. अमेरिकेच्या वायव्येकडून आलेले आखूड आणि जड स्कॅजिट हेड जड फ्लाय आणि लाईनच्या बुडत्या टोकांसाठी उत्तम असले, तरी उथळ, स्वच्छ पाण्यावर ते धपकन पडते. जुन्या स्कॉटिश पद्धतीच्या लांब लाईनला हात बसलेला लागतो. दुकानात रॉडच्या लांबीपेक्षा त्याला किती ग्रॅमचे हेड चालते, हे आधी विचारावे, आणि विक्रेत्याला ते चटकन सांगता आले नाही, तर दुसऱ्या दुकानात जावे.