लढाईच्या रीएनॅक्टमेंटमध्ये ऐतिहासिक अचूकता नेमकी किती पाळायची?

तुम्हाला अमेरिकी यादवी युद्धाच्या लढाया पुन्हा उभ्या करणाऱ्या एका गटात जायचंय. पण तिथे कोटाची शिवण हाताची की मशिनची यावरून लोक हमरीतुमरीवर येतात, आणि त्यामुळे तुम्ही विचारताय की एवढी अचूकता खरंच लागते, की हे नुसतं सोवळं आहे. मी याच युद्धातला युनियनचा, म्हणजे उत्तरेकडच्या सरकारी सैन्याचा, साधा पायदळ सैनिक उभा करतो. माझ्या मते अचूकता लागते, आणि जीव तोडून पाळावी. फक्त ती कापडाइतकीच माणसांच्या बाबतीतही पाळली पाहिजे, आणि आमचा छंद कमी पडतो तो तिथे.

आधी शिवणीचं बघू, कारण त्या भांडणात दोन्ही बाजू बरोबर असतात. फिलाडेल्फियाच्या स्कूलकिल शस्त्रागारात कापड बेतून शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे पाठवलं जाई आणि त्या ते हाताने शिवत. त्याच वर्षांत खासगी कंत्राटदार सरकारला मशिनवर शिवलेले कोट पुरवत होते, कारण युद्ध सुरू झालं तेव्हा शिलाई मशीन चांगलं रुळलेलं होतं. म्हणजे हाताची शिवण खरी आणि मशिनची खोटी असं काही नाही. आपण कोणती रेजिमेंट उभी करतोय, कोणत्या वर्षाची, आणि तिला कपडे कुठून येत होते एवढं आधी ठरवा. शिवण कोणती ते त्यातूनच कळेल. ‘यादवी युद्धातला कुठलाही एक सैनिक’ उभा करायला गेलात की चुका तिथूनच सुरू होतात.

कॉन्फेडरेट बाजूचंही, म्हणजे गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचंही, तसंच. फाटके कपडे, अनवाणी पाय हे चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की माणसं मुद्दाम चिंध्या घालून येतात. तशी उपासमारीची, अनवाणी कूच झाली, नाही असं नाही. पण त्यांच्या राजधानीतला, रिचमंडचा पुरवठा डेपो जॅकेटं पुरवत होता आणि युनियनची सागरी नाकेबंदी चुकवून इंग्लंडहून आलेलं कापडही वापरात होतं. 1864 मधला सैनिक दाखवताना नेटकं जॅकेट घातलेला माणूस अनेकदा जास्त अचूक असतो. म्हणून कोणी काहीही सांगितलं की एकच विचारा: कशावरून? उरलेला कपडा, फोटो, पुरवठ्याची नोंद, पत्र, यातलं काहीतरी समोर आलं पाहिजे. ‘आमच्या गटात असंच घालतात’ याला पुरावा म्हणत नाहीत.

मग एवढी मेहनत कशासाठी? कारण योग्य वस्तू अंगावर असली की पुस्तकात न कळलेली गोष्ट अंगाला कळते. ठासणीची बंदूक घ्या. डाव्या हाताने नळी धरायची, पेटीतून कागदी काडतूस काढायचं, शेपूट दाताने फाडायचं. दारूचे कण ओठांना लागतात आणि तोंड कोरडं पडतं. दारू नळीत ओतायची, मग कमरेच्या पट्ट्यावरच्या छोट्या पेटीत बोटं घालून बार पेटवणारी तांब्याची इवलीशी टोपी चाचपायची आणि ती बंदुकीच्या घोड्याखालच्या निपलवर बसवायची. घामेजल्या बोटांतून ती निसटते, गवतात पडते, आणि शेजारच्याची बंदूक तुमच्या कानाशी कडाडते. भरतीच्या तपासणीत समोरचे दात का पाहत, हे त्या क्षणी कोणी समजावून सांगावं लागत नाही. मिनिटाला तीन बार म्हणजे काय, हेही तेव्हाच कळतं.

लोकरी कोटाचंही तेच. स्वस्त म्हणून कृत्रिम धाग्याचा कोट घेऊ नका. दिसायला चुकीचा असतोच, पण शेकोटीची किंवा बंदुकीची ठिणगी पडली तर लोकर करपते आणि कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. इथे अचूकता आणि सुरक्षितता एकाच बाजूला आहेत.

पण सगळीकडे तसं नाही. मैदानावर आम्ही बंदुकीत गोळी भरत नाही, दारू ठासायचा गज वापरत नाही (नळीत विसरला तर तोच भाल्यासारखा सुटेल), आणि समोरची रांग जवळ आली की नळी वर उचलून बार काढतो. गोळी नसल्यामुळे धक्का जवळजवळ बसत नाही आणि आवाजही वेगळा येतो. हे नियम कोणी अचूकतेच्या नावाखाली मोडायला लागला तर त्या गटात थांबू नका.

मरणाचं सोंग तर कधीच खरं होत नाही. लोक लांबून प्रवास करून येतात, त्यामुळे पहिल्याच फैरीत पडायची कोणाची तयारी नसते. पडतानाही सावली बघून पडतात. गेटिसबर्गच्या लढाईत 1 ते 3 जुलै 1863 या तीन दिवसांत मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे 51 हजार माणसांची हानी झाली. शिवाय त्या युद्धातले साधारण दोनतृतीयांश मृत्यू रोगाने झाले, आणि हगवण कोणी सादर करत नाही. सैनिकांचं सरासरी वय पंचविशीच्या आसपास होतं. आमच्या रांगांत पन्नाशीचे, पोट सुटलेले पुष्कळ. त्यांना घरी बसवा असं मी मुळीच म्हणणार नाही. प्रेक्षकांना मात्र कार्यक्रमानंतर हे स्पष्ट सांगावं. अमेरिकेची नॅशनल पार्क सर्व्हिस खऱ्या रणभूमींवर समोरासमोर गोळीबाराच्या लुटुपुटूच्या लढाया होऊ देत नाही. तिथे कवायत आणि बंदूक चालवून दाखवता येते. मला हे धोरण पटतं. जिथे माणसं मेली तिथे मरणाचा खेळ नको.

आता माणसांबद्दल. 1989 मध्ये अँटिटम या जुन्या रणभूमीवरच्या कार्यक्रमात पुरुष सैनिकाच्या वेशात आलेल्या एका स्त्रीला अचूकतेचं कारण देऊन बाहेर काढलं होतं. ती कोर्टात गेली आणि 1993 मध्ये जिंकली. खरं तर त्या युद्धात शेकडो स्त्रिया पुरुषवेशात लढल्या होत्या, म्हणजे पुरावा तिच्याच बाजूचा होता! युनियनच्या सैन्यात सुमारे 1 लाख 79 हजार काळे सैनिक होते. गोऱ्या शिपायाला महिना 13 डॉलर मिळत. काळ्या सैनिकांना 10, आणि त्यातूनही कपड्यांचे 3 कापले जात, ते थेट 1864 मध्ये वेतन समान होईपर्यंत. हे न सांगता, गुलामगिरीचा उल्लेखही न करता, बटणावरचा गरुड बरोबर आहे की नाही यावर तासभर वाद घालणारा गट अचूक आहे असं मी मानत नाही.

तुम्ही लगेच खरेदी करू नका. पहिल्या कार्यक्रमाला किट गटाकडूनच उसनं मागा, बहुतेक गट देतात. विकत घ्यायची वेळ आली की आधी बूट घ्या, त्या काळच्या पद्धतीचे, चामडी तळव्याचे, आणि घरात घालून पायाला सवय करा. बंदूक सगळ्यात शेवटी. तोवर हार्डी आणि केसी या त्या काळच्या लष्करी अधिकाऱ्यांची कवायतीची पुस्तकं वाचा, हार्डीचं 1855 चं आणि केसीचं 1862 चं. दोन्ही स्कॅन केलेली फुकट मिळतात. सुरुवातीला एकट्या सैनिकाच्या शिक्षणाचा भाग आहे, तेवढा पाठ केलात तर पहिल्या दिवशी रांगेत उभं राहायला पुरेल.